विहिरीच्या पाठीवरची माती

मित्रांनो, लातूर वेगळा जिल्हा झाला ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. मी एक जुना विटांचा साचा आहे आणि माझा जन्मही त्याच सालचा. लोहा गावच्या बाजारात एका सुताराने सागाच्या फळ्या जोडल्या, कडांना लोखंडी पट्टी ठोकली आणि मला सरजाबाईच्या हाती दिले.

सरजाबाई आमच्या गावच्या बौद्धवाड्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली होती. पुन्हा कुणाच्या हाताखाली दगड फोडायचा नाही, असे तिने तेव्हाच ठरवले होते. आता लातुरात नव्या कचेऱ्या उठत होत्या आणि त्यांना विटा हव्या होत्या. ओढ्याकाठच्या तिच्या तुकड्यात पीक जेमतेम येई, पण माती चिकण होती. तिचा नवरा लिंबाजी मातीत पाणी घालून गारा तुडवी. ती मला वाळूत घोळवी, गाऱ्याने भरी, तळहाताने सपाट करी आणि अलगद उचलून घेई. खाली ओली वीट उरे.

पहिली भट्टी पिकली तेव्हा लातूरचे ठेकेदार मन्मथअप्पा विटेवर वीट वाजवून म्हणाले, “बाई, ही तर घंटीवानी वाजून राहिली!” लिंबाजी मला खांद्यावर घेऊन वाडाभर हिंडला. त्या वर्षी वाड्यातले कुणी ऊसतोडीला गेले नाही. सगळ्यांना भट्टीवरच काम मिळाले.

पुढची दोन वर्षे पाऊस आला न आल्यासारखाच झाला. ओढा आटला. वाड्याच्या विहिरीत पाणी होते, पण पिण्यापुरतेच. ते गाऱ्याला वापरायचे नाही, हे सरजाबाईने स्वतःच सगळ्यांना बजावले. मग तिने तोड काढली. विहिरीवर इतकी वर्षे घागरी सांडून भोवतालची जमीन आतपर्यंत ओली झाली होती. ती माती घेतली, तर वरून पाणी लागतच नव्हते. अशा रीतीने आमचा माती काढायचा खड्डा विहिरीकडे सरकू लागला.

लिंबाजीची आई केवळाबाई. ही विहीर तिने आणि तिच्या नवऱ्याने खणलेली. त्याआधी गावच्या आडावर, कुणी वरून पाणी ओतेपर्यंत, वाड्यातल्या बाया लांब ताटकळत उभ्या राहत.

“सरजे, हिरीच्या पाठीवरची माती काढून राहिलीस तू.”

“आत्या, पाण्याला कुठं हात लावला म्या? मातीच घेतली की.”

“पाठ काढल्यावर पोट कशावर टेकंल?”

“माय, तुला विटांची माळ करून घालतो,” लिंबाजी हसला. “आता तरी गप बस.”

“तुझा बाप बी असाच हसायचा. हीर खणताना दरड पायावर आली, तवा थांबला.”

त्यानंतर विहिरीत अधूनमधून ‘डुबुक’ असा आवाज येऊ लागला. बांधकामाचा एखादा दगड सुटून पडे.

“बेडूक असंल,” लिंबाजी म्हणाला.

“ह्या उन्हात?” केवळाबाईने विचारले.

मित्रांनो, तो आवाज सरजाबाईलाही ऐकू येई. माझ्यात गारा भरता भरता तिचा हात थांबे, हे मला ठाऊक आहे. पण एवढी भट्टी वेळेवर दिली, तर मन्मथअप्पा वर्षभराचे काम देणार होते. तिच्यामागे वाड्यातली सारी घरे होती. ती मला पुन्हा भरी.

एका दुपारी केवळाबाईच्या पायाखालचा काठ हलला. तिने पोहरा सोडला आणि शेजारच्या दोघींना पदराला धरून मागे ओढले. “सरा, सरा मागं!” दुसऱ्याच क्षणी विहिरीची एक बाजू आमच्या खड्ड्यात कोसळली. धूळ बसली तेव्हा पाणी दिसेना. नुसता चिखल आणि दगड.

संध्याकाळी बाया गावच्या आडावर गेल्या. मी सरजाबाईच्या टोपलीत होतो. कुणीही ‘येऊ नका’ म्हणाले नाही. आडावरची एक बाई एवढेच म्हणाली, “घागर तितं ठिवा अन् बाजूला व्हा. मी वतते.”

केवळाबाईने घागर ठेवली आणि बाजूला झाली. कुठे उभे राहायचे, ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी मन्मथअप्पांचा ट्रक आला. सरजाबाई भट्टीपुढे आडवी उभी राहिली.

“आप्पा, ह्या विटा इकायच्या न्हाईत. हिरीला लागत्यात.”

“काम दुसऱ्याला जाईल, बाई.”

“जाऊ द्या.”

ट्रक रिकामा गेला. खड्ड्यापासून दूर, वाड्याच्या पलीकडे नवी विहीर खणली आणि त्या भट्टीच्या विटांनीच ती बांधली गेली.

काम खरेच दुसऱ्याला गेले. मन्मथअप्पा पुन्हा आमच्या गावाला आले नाहीत. लिंबाजी वाड्यातल्या गड्यांबरोबर ऊसतोडीला गेला, तो गुडघे धरूनच परतला. केवळाबाईने नव्या विहिरीचे पाणी चाखले, “मचूळ हाय,” म्हणाली आणि मरेपर्यंत तेच प्यायली. सरजाबाईने दोन वर्षांनी तलावातला गाळ गाडीने आणून पुन्हा लहानशी भट्टी लावली. आता ती तिची सून सिंधू चालवते, लोखंडी साच्यांवर. मी गोठ्याच्या कोपऱ्यात वाळवीची वाट पाहत पडलो आहे.

मित्रांनो, गावात कुणी नवा धंदा काढला, तर त्याला जरूर हात द्या. घरी बसलेल्या हातांना काम मिळाल्यावर वाडा कसा हसतो, ते मी पाहिले आहे. पण पहिली कुदळ मारण्याआधी तिथे पाणी भरायला येणाऱ्या बायांना विचारा. आणि त्या ‘नको’ म्हणाल्या, तर कुदळ खाली ठेवा.