वितालिसशेजारची जागा

वितालिसला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मिर्तो पाव आणि वाइन घेऊन डोंगरातल्या भुयारात उतरली. भिंतीत कोरलेली त्याची कबर दोघांची होती. शेजारची अर्धी जागा मिर्तोने स्वतःसाठी राखून ठेवली होती. सासरी, व्होल्सिनीत, तिचा जन्म गेला, पण तिची ग्रीक भाषा समजणारं माणूस गावात नव्हतं. नवऱ्याला मोडकीतोडकी यायची, तोही गेला. आता त्याच्या कुशीला जाऊन पडायचं, एवढीच आस उरली होती.

आज कबरीचं तोंड बंद करणारा चुना ओला दिसला.

"सेव्हेरुस, हे कुणी उघडलं?"

कबरी खोदणारा सेव्हेरुस कुदळ ठेवून डोकं खाजवत आला. "मीच, काकू. धर्मशाळेत एक वाटसरू बाई तापाने गेली. नवं भुयार ढासळलंय, मग ठेवणार कुठे? तुम्ही तर ठणठणीत आहात."

"माझ्या नवऱ्याशेजारी परकी बाई निजवलीस?"

"काका काही बोलले नाहीत," तो ओशाळं हसला. "तुम्ही म्हणाल तर आत्ता काढतो. आपल्या केमेतेरियुमात शोधली तर मिळेल कुठेतरी जागा."

केमेतेरियुम. सारं गाव दफनभूमीला हेच म्हणे आणि शब्द आपल्याच लॅटिनचा समजे. तो होता मिर्तोच्या माहेरचा, क्रीटचा. तिकडे कोइमेतेरिओन म्हणजे परक्या वाटसरूंसाठी गावाने बांधलेली निजायची खोली. ख्रिस्ताला मानणाऱ्या आपल्या लोकांनी मेलेल्यांना निजलेले म्हटलं आणि तो शब्द कबरींना येऊन चिकटला. मिर्तोचे वडील तसलीच खोली सांभाळायचे. मागाहून कितीही मोठा माणूस येवो, आधी निजलेल्याला ते उठवू देत नसत.

मिर्तोला रडू आलं. रागही आला, आणि तो वडिलांचाच जास्त.

"कुठली होती?"

"देव जाणे. तुम्ही पूर्वी काकांशी बोलायचात ना, तसलंच काहीतरी बोलायची. शेवटपर्यंत कुणाला अक्षर कळलं नाही."

"आणि मला बोलवावं, हे एकालाही सुचलं नाही?"

सेव्हेरुसने कुदळ उचलली. "काढू का मग तिला?"

"राहू दे."

"मग तुमचं काय, काकू?"

"मिळेल तिथे ठेव."

तो गेल्यावर तिने पाव मोडला. एक तुकडा वितालिससाठी ठेवला, एक त्याच्या शेजारणीसाठी. मग ओल्या चुन्याजवळ तोंड नेऊन, वर्षभरात पहिल्यांदाच, ती ग्रीकमधून बोलली.

"कुठून आलीस गं बाई? जेवलीस का?"