दोनदा दाबणाऱ्या बाई

नाजिमाच्या अब्बांनी, जब्बारभाईंनी, पंचवीस वर्षांपूर्वी शनिवार पेठेतल्या एका वाचनालयासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. राखाडी खिडकी, राखाडी बटणं. अब्बा गेल्यावर नाजिमाने तो मोठ्या हौसेने नव्याने लिहिला, चांगला रंगीबेरंगी. आणि पहिल्याच सकाळी घोळ! प्रत्येक पुस्तक दोनदा दिल्याची नोंद. 'तुमची मर्यादा संपली,' म्हणत यंत्र सभासदांना परत पाठवायला लागलं.

"छान आहे हो," ग्रंथपाल सुहासिनीबाई म्हणाल्या. "एका पुस्तकाची दोन होतायत. आता खरेदीच नको." मग चष्मा पुसत, "दुपारपर्यंत जमलं तर बघ. नाहीतर मी आपली वही काढते."

वही निघाली की अब्बांचं इथलं नाव संपलं, तेही लेकीच्या हातून. 

नाजिमा बाईंच्या शेजारी बसून बघत राहिली. बाईंनी माउसने पडद्यावरचं 'पुस्तक द्या' हे बटण दाबलं. टकटक. दोनदा! अगं बाई, असं होय! प्रोग्रॅम उघडायला पडद्यावरच्या त्याच्या चित्रावर दोनदा दाबायचं, हे अब्बांनीच बाईंना शिकवलेलं. शिस्तीच्या बाईंनी तोच नियम बटणांनाही लावला होता. प्रोग्रॅम बिचारा काय करणार? तो गप्प बसून असतो. बटण दाबलं की त्याला वर्दी जाते आणि त्या बटणाला नेमून दिलेलं काम तो करतो. वर्द्या दोन, तर कामंही दोन.

मग अब्बांच्या वेळी हे कसं झालं नाही? तिने जुनी फाइल उघडली. त्या बटणाच्या कामात पहिलीच ओळ होती, बटण बंद कर. काम झालं की क्षणभर थांबून पुन्हा चालू कर. खाली अब्बांची टीप: 'बाई दोनदा दाबतात. त्यांना बोलू नये.'

नाजिमाला हुंदकाच आला. अम्मीने डाळीत मीठ जास्त घातलं, तर पाणी ओतून मुकाट्याने जेवणारा माणूस तो! आणि त्याच्या प्रोग्रॅमला ती आपल्या ऑफिसात 'डबडं' म्हणून हसली होती. फार लाज वाटली तिला.

तिने तेवढंच आपल्या प्रोग्रॅममध्ये घातलं. टकटक. नोंद एकच.

"झालं वाटतं," बाई म्हणाल्या. "काय चुकलं होतं गं? माझं नाही ना काही?"

"नाही हो बाई. माझंच चुकलं होतं."

"वाटलंच मला. जब्बारभाई असते तर असं झालं नसतं."

"नसतं झालं," नाजिमा म्हणाली, आणि बाईंकडे पाठ करून तिने डोळे पुसले.