निघायच्या आधी पोचणारं विमान

बर्फाळ उत्तरेतल्या सालिकचा विमानतळ म्हणजे एक खोली नि खडीची धावपट्टी. तिथं कुणी परकं माणूस दिसलं की लुकासी गाठायचाच. "नाउयातचं विमान इथून दोन दहाला सुटतं नि तिथं एक पंचावन्नला उतरतं. सांगा कसं?" समोरचा डोकं खाजवायचा, लुकासी खूश. गंमत एवढीच, की पोचायला लागतो पाऊण तास नि नाउयातचं घड्याळ एक तास मागं.

म्हणूनच शनिवारचं विमान वादळानं रद्द झालं तरी तो बिनघोर होता. रविवारी दोन दहाला जादा विमान ठरलं होतं आणि नाउयातच्या चर्चमध्ये नातवाचं बारसं होतं अडीचला. लुकासीची आई निवियाक पानगळीत गेली होती. तिथली रीतच तशी: मुलगा असो की मुलगी, पोराला तिचं नाव दिलं की ती घरात परत आली म्हणायची. मग नातवाला खुशाल आई म्हणून हाक मारायची. पण विहीणबाई ओलीपानं बजावलं होतं, "स्वतः उभं राहून नाव सांगा. उशीर झाला तर माझ्या भावाचं ठेवणार."

विमान नऊ सीटांचं. शेजारी नाउयातच्या वीजघराचा मिस्त्री सामुएली. लुकासी म्हणाला, "एक पंचावन्नला टेकतोय बघ."

"कुठलं एक पंचावन्न? काल रात्री आम्ही घड्याळं तासभर पुढं केली. मार्च आहे ना."

"म्हणजे?"

"तुम्ही सालिकवाले कधी काटे हलवत नाही. आता तुमचं आमचं एकच. दोन पंचावन्नला उतरू."

बारसं अडीचला, लुकासीनं बोटांवर मोजलं. दर मार्चला हे व्हायचं. पण दर मार्चला त्याला कुठं जायचं असायचं? पट्टा सोडला, बांधला, परत सोडला. खाली नुसता बर्फ, विमान जागचं हलतंय की नाही तेही कळेना. शेवटी पायलटच्या मानेशी वाकून म्हणाला, "जरा दामटव की रे."

"काका, कुत्री जुंपलीत का पुढं? बसा खाली."

उतरल्या उतरल्या सामुएलीच्या स्किडूवर, त्या बर्फावरच्या फटफटीवर, मागं बसून त्यानं चर्च गाठलं. कुलूप. तसाच ओलीपाच्या घरी. दारातच पोराचा टाहो ऐकू आला.

"या व्याही," ओलीपा म्हणाली. "बारशाची बॅनक रोटी संपली. नाव माझ्या भावाचं ठेवलंय, जोआनी."

"बाबा, नाव ठेवल्यापासून भोकाड पसरलंय यानं," लेक सिआसी रडकुंडीला आली होती.

हवं ते नाव मिळालं नाही की बाळ रडतं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण विहिणीसमोर बोलणार कोण?

लुकासी तसाच पोरावर वाकला. "निवियाक. आई, मी आलो गं."

पोरानं एक हुंदका दिला, डोळे वटारले नि गप्प झालं.

"मिशीवरचा बर्फ बघतोय तो," ओलीपा फणकारली. मग स्वतःच पुढं झाली. "जोआनी? जोआनी बाळा?"

पोरानं असा सूर लावला की भांडी थरथरली.

"बरं बरं, निवियाक. निवियाक, बाई, निवियाक."

पोर गप्प.

ओलीपानं थोडा वेळ त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग दुपट्यासकट उचलून लुकासीच्या हातात कोंबलं.

"घ्या तुमची आई. ओली झालीय, आधी लंगोट बदला."