दोन बोटे जागा

फाटक लावायला गेलो तेव्हा गटारावरच्या लादीला काहीतरी काळे चिकटलेले दिसले. वाकून उचलले. टायरच्या रबराची सालपटी होती, वीतभर लांब, बटाट्याच्या सालीसारखी गुंडाळलेली. गॅरेजच्या दारात रबर सापडले तर त्यात नवल ते काय? फेकून देणार होतो. पण हातात उलटी झाली आणि आतल्या अंगाला पिवळा रंग दिसला.

तो रंग माझा. लाटंबार्सेपासून पार मांद्र्यापर्यंत ब्रेकच्या पाइपला पिवळा रंग मारणारा मेकॅनिक मी एकटाच. खाणी चालू होत्या तेव्हाची ती सवय. लाल मातीने माखलेल्या टिपरखाली शिरल्यावर ब्रेकचा पाइप पटकन दिसावा म्हणून. टायरच्या सालीला माझा पिवळा रंग लागला होता, म्हणजे टायर ब्रेकच्या पाइपला घासला होता. आणि ती गाडी घेऊन माझी मुलगी सिद्धी वीस मिनिटांपूर्वी मांद्र्याला निघाली होती.

खोटे कशाला सांगू, मी तिथेच लादीवर बसलो.

गाडी गोकुळदासची. मांद्र्याला त्याचे गेस्टहाउस आहे. पोर्तुगीज अमदानीत कुणा भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, बोटीतून आणवलेली, दोन सीटांची, बिनछपराची, बुटकी विलायती स्पोर्ट्स कार त्याने कुठून तरी मिळवली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली. दिसायला देखणी, पण टायर इतके अरुंद की वळणावर मागची बाजू घसरायची. म्हणून त्याला मागे रुंद टायर हवे होते. रुंद टायरला आत जागा लागते, आणि आत तर पाटे. पाटे म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. ते दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घ्यायचे ठरले. मी जुने ब्रॅकेट कापले, चासीला नवे वेल्ड केले, मडगार्डची आतली कड ठोकून वर वळवली. तीन आठवडे खपलो. काम झक्कास झाले आहे, असे मी स्वतःच चारचौघांत सांगत सुटलो होतो.

तपासणीही केली होती. माझ्या पद्धतीने. भार घाल, दोन बोटे जागा बघ, गाडी सोड. खाणीवर तीस वर्षे मी हेच केले. टिपरमध्ये खनिज मधोमध पडते, दोन्ही बाजूंचे पाटे सारखे दबतात, चाके सरळ वर जातात. टायर आणि चासी यांच्यामध्ये दोन बोटे गेली की काम फत्ते. गोकुळदासच्या गाडीतही मी मागे सहा चिरे रचले, डावीकडे तीन, उजवीकडे तीन. दोन्हीकडे दोन बोटे आरामात गेली.

तेव्हा सिद्धी म्हणाली होती, "बाबा, एकाच बाजून जॅक लावन बघ. वळणाक एक चाक वर जातलां, एक खाली. टायरचो माथो आत कलतलो."

सिद्धी सव्वीस वर्षांची. डिप्लोमा करून माझ्याच गॅरेजात उभी राहिली. लोकांनी नाके मुरडली, मी नाही मुरडले. पण शिकवलेले मला नाही चालत.

"तुझ्या जल्मा आदीपासून मी पाटे बांधतंय," मी म्हणालो. "तुझ्या वहयेत काय लिवलां तां माका शिकव नको."

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. मी हातातला पाना आपटला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलेही नाही. मग तिने तो विषय सोडला, आणि मला वाटले, पटले तिला.

आता लादीवर बसल्या बसल्या सगळे चित्र डोळ्यांपुढे आले. फाटकातून निघताना एक चाक लादीवर चढते, दुसरे खालीच राहते. ॲक्सल तिरका होतो. टायरचा माथा आत कलतो, पाइपला लागतो. एका लादीवर एवढी साल निघाली, तर वाटेतल्या चांदेलच्या उतरणीवर किती वळणे आहेत? पाइप कापला की पेडल सरळ तळाला जाणार. त्या जुन्या गाडीत चारही चाकांना मिळून एकच पाइपलाइन. दुसरा आधार नाही.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडीला छप्पर नाही, इंजिन बोंबलते, तिला ऐकू येणार कसे? नऊ वेळा लावला. मग गोकुळदासला लावला. तो म्हणाला, "अजून पावली नाय रे. जेवनाची वेळ होयत, तिका हयच जेवक घालतंय."

मी स्कूटर काढली. हेल्मेट घेतले की नाही, आठवत नाही. इब्रामपूरपर्यंत कशी चालवली तेही आठवत नाही. एवढेच आठवते की तोंडाने मी ग्रामदेवी सातेरीला हाका मारत होतो आणि मध्येच स्वतःला शिव्या घालत होतो. वीस मिनिटे पुढे गेलेली स्पोर्ट्स कार माझ्या स्कूटरला काय सापडणार? नवे टायर म्हणून ती अगदी हळू चालवणार, तेवढाच वेळ हाती होता. उतरणीच्या आधी तिला कुणीतरी अडवायला हवे होते. आणि उतरणीच्या तोंडावर, वडाखाली, भजीपावाचा गाडा होता तो बाबलीचा.

बाबलीचे सांगायला हवे.

बाबली खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या मोसमात त्याने मला सांगितले की त्याच्या टिपरचे पेडल खाली जाते. मी वाकून पाहिलेसुद्धा नाही. "गाडयेक काय जावक नाय, तुझो पाय जड झालो," असे सगळ्यांसमोर म्हणालो. माणसे हसली. तीन दिवसांनी जेटीच्या उतारावर टिपर चिऱ्यांच्या भिंतीवर गेला आणि बाबलीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पंचनाम्याला मला विचारले, ड्रायव्हरने तक्रार केली होती का? मी म्हणालो, नाही. बेदरकारपणे गाडी हाकल्याचा ठपका बाबलीवर बसला. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. चांदेलच्या वाटेने जाणे मी टाळायचो. त्याचा नंबर मात्र फोनमध्ये तसाच होता. पुसायला हात उचलला नव्हता.

रस्त्याकडेला स्कूटर उभी करून मी तो नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला.

"कोण?"

"दत्ताराम. लाटंबार्सेचो."

मागे कढईचा आवाज येत होता.

"बाबली, ठेव नको. सिद्धी येता थंय. लाल गाडी, बुटकी, छप्पर नाय. तिका उतरणीर सोड नको. ब्रेकाचो पाइप फुटतलो."

"तुका कोणी सांगलां?"

"तिणांच सांगललां. मी आयकलंय नाय." आणि मग जे तोंडातून निघाले ते मी ठरवून बोललो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि समोरून जाणारी माणसे बघत होती. "तुझांय आयकलंय नाय, बाबली. तू सांगललंस पेडल खाली जाता म्हणान. पंचनाम्यात मी खोटां बोललंय. चूक माजी, तुजी नाय. पण तेची शिक्षा माझ्या चेडवाक नको. तिका आडव. पाया पडतंय."

फोन बंद झाला. त्याने ठेवला की रेंज गेली, कळले नाही. पुन्हा लावला तर लागेना.

पुढचे आठ किलोमीटर मी कसे काढले ते मलाच माहीत. तो का अडवेल? माझ्या जागी तो आणि त्याच्या जागी मी असतो, तर मी अडवली असती? खरे सांगतो, मला स्वतःची खात्री देता येईना. प्रत्येक वळणावर वाटे, आता पुढे गर्दी दिसेल, आता काजूच्या झाडाला चेपलेला लाल पत्रा दिसेल. एका वळणावर खरेच लाल काही दिसले आणि मी करकचून ब्रेक दाबला. कुंपणावर वाळत घातलेले लुगडे होते.

वडाजवळ आलो तर रस्ता बंद. मोपा विमानतळाची एक टॅक्सी, मागे बस, त्यामागे दोन रिक्षा, सगळे हॉर्न वाजवत होते. सगळ्यांच्या पुढे लाल गाडी, अख्खी. बॉनेटला टेकून सिद्धी उभी, हाताची घडी घालून. आणि तिच्यापुढे, रस्त्याच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबली बसला होता. कुबडी मांडीवर आडवी.

मी स्कूटर टाकली आणि धावलो. सिद्धीला मिठी मारली. ती दचकली, कारण मी तसे कधी करत नाही.

"बाबा, झालां काय? हे काका उठनत नाय. म्हणतत, ब्रेक नाय तुझ्या गाडयेक."

मी खिशातून सालपटी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती पाहिली आणि तिचा चेहरा बदलला.

"ही कालची," ती हळू आवाजात म्हणाली. "काल तू जेवन निजलंस तेव्हा मी गाडी लादयेर एका बाजून चढयली. टायर लागलो. मगे पाइप काढून चासयेच्या पलीकडे घेतलंय. क्लिपो मारल्यो. नवो रंगय मारलंय, तुझोच डबो होतो."

मी तसाच रस्त्यावर आडवा झालो आणि गाडीखाली डोके घातले. पाइप चासीच्या आतल्या अंगाला गेला होता, वीतवीतभर अंतरावर क्लिप, वाकण कुठेही चेपलेले नाही. माझ्याहून चांगले काम. मी तिथेच पडून राहिलो, कारण उठलो असतो तर सगळ्यांनी माझे तोंड पाहिले असते.

"माका सांगलंस कित्याक नाय?" गाडीखालूनच मी विचारले.

"तीनदा सांगलंय."

"पाइप बदललंस तां कित्याक सांगलंस नाय?"

"सांगलं असतंय तर तू तो काढून परत होतो तसो लावलो असतंस."

मी तसेच केले असते. नुसता तिने हलवला म्हणून मी तो पुन्हा जुन्या जागी बसवला असता, आणि मग आज तिला खरोखरच ब्रेक नसता.

बाहेर आलो. कपडे झटकले. बसचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता. मी बाबलीपुढे गेलो. बारा वर्षांत तो फार म्हातारा झाला होता.

"गाडी बरी आसा," मी म्हणालो. "तुझे उपकार झाले. ऊठ आता, रस्तो सोड."

बाबली उठला नाही.

"फोनार काय म्हणालंस, तां परत म्हण," तो म्हणाला.

"बाबली, मागीर येतंय. लोक खोळंबलेत."

"खोळंबूंदेत. हय म्हण. तिच्या म्होरयात."

मी सिद्धीकडे पाहिले. तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने शाळेत असल्यापासून एवढेच ऐकले होते की बाबली नावाचा एक ड्रायव्हर होता, बेफाम चालवायचा, आणि एक दिवस स्वतःच्या मस्तीने पाय गमावून बसला. हे तिला सांगितले होते ते मी. नवीन ड्रायव्हर आला की तिच्यासमोर त्याला बाबलीचे उदाहरण द्यायचो.

फोनवर बोलणे सोपे गेले होते. तेव्हा तिचा जीव जात होता. आता ती समोर धडधाकट उभी होती आणि माझे तोंड उघडेना. बाबलीने कुबडी मांडीवर नीट ठेवली आणि तो वाट बघत बसला. त्याला घाई नव्हती.

मी बोललो. हॉर्न चालू होते म्हणून मोठ्याने बोलावे लागले. पेडलचे सांगितले, माणसे हसली ते सांगितले, पंचनाम्यातला तो एक शब्द सांगितला. सिद्धी ऐकत होती. टॅक्सीवाल्याने मध्येच हॉर्न थांबवला, त्यामुळे शेवटचे वाक्य सगळ्यांना ऐकू गेले.

बाबलीने मान हलवली. कुबडी टेकून तो उठला, खुर्ची दुसऱ्या हाताने ओढत रस्त्याच्या कडेला नेली आणि गाड्यामागे जाऊन कढईतली भजी परतू लागला. ती करपली होती.

सिद्धीने गाडी सुरू केली. मी तिच्या शेजारच्या दाराला हात लावला, पण तिने माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी हात काढला. गाडी उतरणीला लागली. पहिल्याच वळणावर ती एका अंगाला कलली, आतल्या बाजूचे चाक खड्ड्यात गेले, बाहेरचे वर उचलले. मी कान देऊन ऐकत होतो. कुठेही काही घासले नाही.