आख्खा खडा

भिवराबाईचं सरबत तयार व्हायला फार वेळ लागायचा. लागावा म्हणूनच ती ते तसं करायची. माठातलं गार पाणी, त्यात खडीसाखरेचा सुपारीएवढा आख्खा खडा आणि वर ताटली. ढवळायचं नाव नाही. गार पाण्यात साखर रेंगाळते, मोठा खडा त्याहून रेंगाळतो, आणि हलवलं नाही तर भोवतीचं पाणी गोड करून तो तळाशी पाहुण्यासारखा बसून राहतो. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं कारस्थान एका माणसाला बसवून ठेवायला होतं. धारूरच्या डोंगराकडेची ही वस्ती दिवाळीनंतर घरांना कुलपं लावून ऊसतोडीला गेली होती. भिवराबाईचा लेक पंडित आणि सूनही गेली. म्हातारीला फडावरच्या पाचटाच्या कोपीतली थंडी सोसायची नाही म्हणून तिला मागे ठेवली, ती ठेवलीच. आता शिमगा आला तरी बोलायला कुणी नव्हतं.

दुष्काळात सहकारी कारखान्याने टँकर लावला होता. तो घेऊन बंकट यायचा, आडात पाणी सोडायचा. टाकी रिकामी झाली की त्याचं काम संपलं. मग भिवराबाई त्याला बाजेवर बसवायची. त्यानेच आणलेलं पाणी त्यालाच पाजायचं, त्याचा केवढा थाट! तेवढ्यात तो रस्त्यात कोण भेटलं, धाकट्या लेकीने काय खोडी केली, ते सांगायचा.

“मावशी, ईरगाळला का न्हाई अजून?”

“साखरच लई आडमुठी हाय रे. बस की जरा.”

त्या दिवशी पाणी सोडता सोडता बंकटचा फोन वाजला. बोलणं ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“पोरीला हगवण लागलीया. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलंय. निघतो मावशी, आज सरबत न्हाई.”

त्याचे ओठ सुकले होते. सकाळपासून पोटात काही नसावं.

“अशा उन्हात तसाच गाडी हाणशील? हितंच थांब, आले मी.”

आणि म्हातारीने इतक्या दिवसांत केलं नव्हतं ते केलं. खडा खलबत्त्यात घालून त्याचं पीठ केलं. अंगणात तापलेल्या घागरीतलं पाणी घेतलं. वर रवीने घुसळलं. बघता बघता साखर दिसेनाशी झाली. बंकटने उभ्या उभ्याच पेला रिकामा केला.

पेला परत देताना तो तिच्याकडे बघत राहिला. चोरी उघडी पडली होती. भिवराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मला ठावं होतं, मावशी,” तो म्हणाला. “आमच्या घरी बी खडा फोडूनच टाकत्यात.”

“मंग कावून बसायचास रे?”

बंकट गाडीत चढला.

“उद्या आख्खाच टाका,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी टँकरचा आवाज आला तसा तिने पेल्यात आख्खा खडा सोडला. गाडीतून भलताच कुणी उतरला. इंजिन चालूच ठेवून त्याने आडात पाइप टाकला.

“बंकट कुठं हाय? पोर कशी हाय त्याची?”

“रजेवर हाय म्हणत्यात. मला काय ठावं न्हाई.”

“बस की बाबा. सरबत केलंय.”

“टाइम न्हाई, आजी.”

टँकर गेला आणि उडालेली धूळ खाली बसली. पोर बरी व्हावी असं भिवराबाईला मनापासून वाटत होतं. बंकट यावा असंही वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली, तरी वाटायचं थांबेना.

दिवस कलला तेव्हा तिने ताटली उचलली. खडा विरघळून गेला होता. पिऊन टाकावं म्हणून पेला तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. डब्यातला दुसरा खडा काढून तिने त्याच पेल्यात अलगद सोडला. आधीच गोड झालेल्या पाण्यात खडा आणखी सावकाश विरघळतो, हेही तिला ठाऊक होतं. तिने वर ताटली ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून बाजेवर बसली.