खंडेनवमीची बॅटरी

कुंकवाचं ओलं बोट नेमकं दोन तारांच्या मधे उमटलं होतं, शेजारी हळदीचं, आणि दोन्हींवर झेंडूचं एक फूल — इतकं नीट, इतकं मायेनं ठेवलेलं, की दैवशालाला आधी कळेचना आपण एवढ्या का संतापलो. मग ती खाली वाकली तेव्हा वास आला. जळक्या प्लास्टिकचा. तिनं खटका दाबला. पुन्हा दाबला. आकडे उमटले नाहीत.

काल संध्याकाळी उमटले होते. बाई गं, काय लालभडक उमटले होते! मोडक्या लॅपटॉपमधून सोडवलेले तीन सेल, आणि वडीगोद्रीच्या फाट्यावर राधेश्यामच्या दुकानात धूळ खात पडलेल्या वजनकाट्याची ती आकड्यांची पट्टी — अबोला धरलेल्या जावांसारख्या या दोन वस्तू काल एकदाच्या बोलल्या होत्या. कोणत्या सेलमध्ये किती जीव उरलाय ते स्वच्छ दिसत होतं. पण दाखवायचं कुणाला? नवरा अंबडला गेलेला, आज येणार होता. त्यानंच तर बजावलं होतं, "दसऱ्यापस्तोर एक तरी चीज चालू करून दाखव, न्हाईतर हा सगळा कोपरा भंगारवाल्याला देऊन टाकीन." कोपरा म्हणजे शिलाई मशीनच्या मागची हातभर जागा. अख्ख्या घरात तेवढीच माझी. बाकी कुठंही बसलं की कुणीतरी हाक मारतंच.

आणि आत्या! वर्षभर ज्या सासूनं या वस्तू पायानं सरकवल्या, आल्यागेल्याला "सून भंगार येचून राह्यली, माय" म्हणून हसत सांगितलं, तिला आजच बरा पूजेचा उमाळा आला. खंडेनवमी आहे, विळे पुजा, खुरपी पुजा, लेकाच्या मोटारसायकलला हार घाला... घाला की, कोण नको म्हणतंय! पण उघड्या तारांवर पाणी? मी मळ्यात फुलं तोडायला गेले तेवढ्यात? विचारायचं तरी... पण हिनं कधी काही विचारलंय? माहेरून आणलेला माझा रेडिओ पहिल्याच वर्षी नणंदेला देऊन टाकला, आणि वर म्हणाली, तुला गं काय करायचाय... जाऊ दे. नाही, का म्हणून जाऊ दे? जाऊ दे, जाऊ दे करतच इथवर आले. तेव्हा गिळलं ते अजून घशात आहे. आज बोलणार. येऊ दे त्याला, त्याच्या देखतच बोलणार.

भारत आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "झालं का तुझं चालू? लाव बरं, बघू."

तिनं तोंड उघडलं. तुमच्या आईलाच विचारा — एवढंच म्हणायचं होतं, पुढचं आपोआप आलं असतं. पण ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या सोनूबाईंनी आधीच लेकाला झापलं, "येडा का काय तू? पुजलेल्या हत्याराला आज हात लावतेत का? सकाळीच पुजलं मी. उद्या लावील की ती!"

हत्यार.

"बरं बरं," म्हणत भारत मोरीकडे पाय धुवायला गेला. दैवशाला तिथंच उभी राहिली. वा रे वा! भंगाराचं हत्यार झालं, आणि झालं कधी, तर जळाल्यावर! आपल्याच हातानं ते मेलंय हे हिला ठाऊक नाही. सुनेची बाजू घेतली हेही हिच्या गावी नाही. सोलतेय आपली शेंगा. आता सांगावं तर... आणि न सांगावं तर उद्या दसरा. उद्या काय दाखवणार मी, डोंबल?

बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांचा राग होता, हक्काचा होता, आणि ऐन वेळी या बाईनं एका शब्दात तोही काढून घेतला. सगळ्यात जास्त चीड याची येत होती, की एवढं नुकसान समोर पडलेलं असताना, मला मुळीच नको असताना, आत कुठंतरी बरं वाटत होतं.