चंद्राच्या राजाचे तीन जीव

चंद्राचा राजा दरवर्षी बहिरमच्या जत्रेत मार खायला यायचा. डोक्यावर पालथं घातलेलं पितळी घंगाळ, चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद चिकटवलेला गोणपाटाचा अंगरखा आणि नाकावर कणकेचा हा एवढा गोळा. राजाचं काम केलं होतं अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या पुंजाजी मिस्त्रींनी. रशियाने आकाशात उपग्रह सोडला, त्या साली हे चंद्राचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. अमरावतीच्या एका फोटोवाल्याचा कॅमेरा मागून आणून त्यांनी सिनेमाच काढला. चंद्राचा राजा वऱ्हाडातला सगळा कापूस चोरायला येतो, एवढीच गोष्ट. सिनेमा मुका आणि चहा निवायच्या आत संपणारा.

पण तो नुसता पाहायचा नव्हता, खेळायचा होता. पडद्याच्या जागी चुना फासलेले पत्रे उभे केलेले. समोर चिंध्यांच्या चेंडूंच्या टोपल्या. राजा पत्र्यावर उड्या मारत फिरायचा आणि लोक त्याला चेंडू हाणायचे. वर तीन लाल दिवे, म्हणजे राजाचे तीन जीव. नाकावर चेंडू बसला की एक दिवा विझायचा. तिन्ही विझले तर वऱ्हाड वाचला, सगळ्यांना रेवड्या. नाहीतर राजा जिंकला. सिनेमाच्या मशीनशेजारी कर्णा घेऊन बसलेले पुंजाजी राजाच्या तोंडून लोकांना नावं घेऊन डिवचायचे आणि दिवे विझवायची कळ असायची त्यांच्या मुलीच्या, ललिताच्या हातात.

पुंजाजी गेले त्याला वर्ष झालं होतं. घरात आता त्यांचा हार घातलेला फोटो होता. त्यात ते एखाद्या हेडमास्तरासारखे दिसत. येणारा जाणारा त्या फोटोकडे पाहून म्हणे, "देवमाणूस होता." ललिता अमरावतीच्या शाळेत शिकवायची, बेताचंच बोलायची, म्हणून ती गप्प राहायची. पण बाबा देवमाणूस नव्हते. उभ्या वऱ्हाडाला चिडवून त्याच्याकडून मार खाणारे ते एकटेच होते. ते एकदा तरी परत दिसावेत, लोकांनी त्यांना पुन्हा हसावं, एवढ्यासाठी तिने या सालीही तंबू ठोकला होता. मशीन चालवायला बाबांचा जुना मदतनीस देवमन होता. आई, गोदाबाई, रेवड्यांची टोपली मांडीवर घेऊन दाराशी बसली होती.

दिवेलागणीला तंबू भरला. सगळ्यांत पुढे दर्यापूरचे किसनराव, राजाचे जुने वैरी. बाह्या सरसावून, दोन्ही हातांत चेंडू घेऊन उभे. मशीन खडखडलं. पत्र्यावर घंगाळ आलं, मग नाक आलं, मग पुंजाजी आले.

एकही चेंडू उडाला नाही.

किसनरावांनी चेंडू हळूच टोपलीत ठेवले, टोपी काढली आणि हात जोडले. मागच्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. पत्र्यावर राजा काख खाजवत होता.

"मारा ना," ललिता म्हणाली. "किसनकाका, मारा."

"काय बोलून राहिली तू, बाई? गेलेल्या माणसाले चेंडू मारू?"

कोणीतरी पुढे होऊन पत्र्याला गुलाल लावला. तो नेमका राजाच्या ढुंगणावर पडला. कोणीतरी खाली नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरले, दोन बायकांनी डोळे पुसले आणि राजा कोलांटउडी मारून कापसाच्या ढिगात तोंडावर आपटला, तेव्हा एक म्हातारा गहिवरून म्हणाला, "लय कष्ट उपसले बिचाऱ्यानं."

सिनेमा संपला. तिन्ही दिवे तसेच जळत होते.

"आवरू काय, बाई?" देवमनने विचारलं. "हे नाई खेळत. आता हे आरती म्हणतीन."

इथेही बाबांचा फोटोच होणार होता. "पुन्हा लाव," ती म्हणाली आणि तिने कर्णा उचलला. आयुष्यात वर्गाबाहेर तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"रसिकहो," ती म्हणाली, "आपण सर्वांनी कृपया नेम धरावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी सभ्य, बक्षीस समारंभातल्यासारख्या.

"अवो बाई, अशानं तं म्हशीवरली माशीबी उठणार नाई," देवमन म्हणाला.

तिने घसा खाकरला. डोळे मिटले. आणि बाबांचा तो नाकातला, खरखरीत आवाज काढला. "अबे किसन्या! काहून हात जोडून राहिला बे? मागच्या साली तुह्या चेंडूनं तंबूचा खांब पाडला होता. तुह्यापेक्षा तुहा बैल नेमबाज!"

किसनराव दचकले. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते ओक्साबोक्शी रडायलाच लागले. "हुबेहूब! बापाचा आवाज आहे पोरीच्या गळ्यात!"

सगळा तंबू मुसमुसायला लागला.

"रडू नका, मारा!" ललिता ओरडली.

"कसं मारू?" किसनरावांनी दाराकडे बोट दाखवलं. "वहिनी बसल्या आहेत तिथं. त्यांच्यादेखत त्यांच्या नवऱ्याले?"

ललिताने आईकडे पाहिलं. गोदाबाई पदर तोंडाशी धरून पत्र्याकडे एकटक पाहत होती. ललिताने कर्ण्याचं तोंड तिकडे वळवलं. हे आपण करू नये, असं तिला वाटलं आणि तोवर करून झालं होतं.

"ए गोदे!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"तू काय पाहून राहिली? तुह्यानं तं जमत नाई. बोक्याले दगड मारला, अन् शेजारच्या जमुनाच्या छपरावरची कवेलं फोडली!"

गोदाबाईने पदर खाली घेतला.

"अन् तो तुहा झुणका! मीठ घालाले पैसे पडत होते काय?"

गोदाबाई उठली. रेवड्या खाली सांडल्या. ती लेकीकडे आली नाही, सरळ पत्र्याकडे गेली. "मीठ?" ती राजाला म्हणाली. "डॉक्टरनं बंद केलं होतं तुमचं मीठ! मले काय हौस होती? चोरून लोणचं खायचे अन् नाव माह्यावर?"

तिने टोपलीतून चेंडू उचलला आणि मारला. तो किसनरावांच्या टकलावर बसला.

"वहिनी!"

"बाजूले व्हा!"

दुसरा चेंडू तिने नीट डोळा बारीक करून मारला. ढण्ण! थेट कणकेच्या गोळ्यावर. आणि त्याच क्षणी राजा, कापसाच्या ढिगाला अडखळून, पाय वर करून उताणा पडला.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग म्हातारा, तोच गहिवरलेला, खॅक करून हसला, आणि तंबू फुटला. ललिताने कळ दाबली, पहिला दिवा विझला.

"मारा रे!" किसनराव गर्जले. "कापूस घेऊन चालला!"

चेंडूंचा पाऊस पडला. पत्रे ढणढणू लागले, चुना उडू लागला. "गाढवाहो, चंद्र इकडं आहे!" ललिता कर्ण्यातून ओरडत होती. "देवमनले काहून मारता?" बायका पदर खोचून पुढे घुसल्या. दुसरा दिवा विझला. गोदाबाई एकामागून एक चेंडू हाणत होती आणि प्रत्येकाबरोबर एकेक तक्रार: "हा लोणच्याचा! हा माह्या घंगाळाचा! हा न सांगता निघून गेल्याचा!"

तो शेवटचा नाकावरच बसला. तंबूतल्या सगळ्यांनी पाहिला.

ललिताचं बोट कळेवर होतं. पत्र्यावर तिचे बाबा चुन्याच्या धुरळ्यातून उठून उभे राहत होते, घंगाळ सावरत, हसत. तिने कळ न दाबताच बोट उचललं.

"दिवा विझवा! नाकाले लागला!" किसनराव ओरडले.

"नाकाले नाई, कानाले लागला!" राजा कर्ण्यातून म्हणाला.

"लबाडी! धडधडीत लबाडी!" सगळा तंबू उसळला. राजाने कापसाचं बोचकं खांद्यावर टाकलं, पिंपाच्या रॉकेटात उडी मारली आणि पसार झाला. मागून चेंडू, रेवड्या, नारळाची एक करवंटी.

गोदाबाई धापा टाकत वळली. केस सुटलेले, कपाळावर चुना. लेकीकडे तिने रोखून पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"लले, लबाड आहेस. बापावर गेलीस," ती म्हणाली आणि खाली बसून चेंडू गोळा करायला लागली. "देवमन, लाव पुन्हा."